लिनक्सवर फ्लाइट कंट्रोलर सापडत नाही, तेव्हा नेमके कुठे अडलेले असते?

तुमच्या प्रश्नातील निरीक्षणे मी आधी एकत्र मांडते, म्हणजे उत्तर कशाचे चालले आहे ते सर्वांच्या समोर राहील. पुण्यातील तुमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ड्रोन गटाने प्रयोगशाळेतील संगणकांवर आणि काही जणांच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ हे लिनक्स घातले आहे. अर्डुपायलट हे फर्मवेअर (बोर्डातच साठवलेला, त्याला चालवणारा प्रोग्रॅम) असलेला मोठा बोर्ड, म्हणजे ड्रोनचे उड्डाण सांभाळणारा फ्लाइट कंट्रोलर, यूएसबीने जोडल्यावर क्यूग्राउंडकंट्रोल हे जमिनीवरून ड्रोन हाताळण्याचे सॉफ्टवेअर त्याला कधी ओळखते, कधी ओळखत नाही. त्याचा पोर्ट, म्हणजे त्याच्याशी बोलण्यासाठी लिनक्स देते ती फाइल, काही सेकंद दिसून नाहीसा होतो आणि परत येतो तेव्हा कधीकधी त्याचा क्रमांक बदललेला असतो. मॅव्हप्रॉक्सी हे टर्मिनलमधले तशाच कामाचे सॉफ्टवेअर सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या हक्काने, चालवले की बहुतेक वेळा जोडणी होते. बीटाफ्लाइट हे दुसरे फर्मवेअर असलेल्या छोट्या बोर्डावर ब्राउझरमधील कॉन्फिगरेटरने फर्मवेअर चढवायला गेले, तर डीएफयू अवस्थेतला (नवे फर्मवेअर घेण्यास तयार असलेला) बोर्ड सापडतच नाही. जीपीएस तपासण्यासाठी घेतलेल्या सीएच३४० चिपच्या यूएसबी-सिरियल अडॅप्टरचा पोर्ट तर टिकतच नाही. आणि हे सर्व पाहून तुम्ही विचारले आहे की पुन्हा विंडोजकडे जावे का.

विंडोजकडे जाण्याची गरज मला दिसत नाही. तुम्ही ही एकच अडचण समजून सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत आहात, परंतु वर्णनावरून माझे मत असे झाले आहे की तुमच्याकडे किमान चार वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि त्या चारही पडद्यावर ‘उपकरण सापडले नाही’ याच एका वाक्यात प्रकट होतात. त्यांतली एकही कॉन्फिगरेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. म्हणून सॉफ्टवेअर सर्वांत शेवटी तपासायचे. तारेपासून सुरुवात करायची, मग कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, उपकरण दिसले का, मग त्याची फाइल तयार झाली का, ती उघडण्याची परवानगी आहे का, ती आधीच दुसऱ्या कोणी धरून ठेवली आहे का, या क्रमाने वर जायचे. हा क्रम मोडला की माणूस उगाच पाच ठिकाणी बदल करतो आणि कशाने काय सुटले हे त्याला कधीच कळत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. संगणक तुमचा स्वतःचा आहे की महाविद्यालयाचा, यावर परवानगीचा कोणता मार्ग योग्य ते ठरते. उबुंटूऐवजी फेडोरा किंवा आर्च असेल, तर काही नावे बदलतात. बोर्डावर कोणते फर्मवेअर आहे, यावर तो संगणकाला स्वतःची कोणती ओळख सांगतो ते ठरते. जिथे असा फरक पडतो तिथे तो मी सांगेन. कमांडची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. आणि पुढची कोणतीही चाचणी करण्याआधी सर्व मोटारींचे प्रोपेलर काढून ठेवा. जोडणी अनपेक्षितपणे यशस्वी होणे हा या कामातला सर्वांत धोक्याचा क्षण असतो.

तारेबद्दल थोडक्यात. तपकीर गल्लीत किंवा कुठेही मिळणाऱ्या अनेक स्वस्त केबल केवळ चार्जिंगसाठी असतात. त्यांत वीजपुरवठ्याच्या दोनच तारा असतात आणि डेटाच्या दोन तारा नसतातच, त्यामुळे बोर्डावरचा दिवा लागतो पण संगणकाला काहीही कळत नाही. ज्या केबलने फोनमधली फाइल संगणकावर घेता आली, तीच केबल चाचणीसाठी वापरा आणि तिच्यावर खूण करून ठेवा. टाइप सी सॉकेट असलेले काही छोटे बोर्ड दोन्ही टोकांना टाइप सी असलेल्या केबलवर चालू होत नाहीत, कारण त्या सॉकेटच्या सीसी पिनवर लागणारे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर बोर्डावर बसवलेले नसतात. अशा वेळी एका टोकाला जुना आयताकृती प्लग असलेली केबल घ्यावी. चाचणी करताना हब मध्ये ठेवू नये.

आता कर्नल. दोन साधने पुरतात. ‘एलएसयूएसबी’ ही कमांड या क्षणी जोडलेल्या उपकरणांची यादी देते आणि ‘डीमेसेज’ला ‘डब्ल्यू’ पर्याय दिला की कर्नलच्या नोंदी घडतील तशा समोर येत राहतात. उबुंटूमध्ये २०.१० या आवृत्तीपासून सामान्य वापरकर्त्याला या नोंदी वाचता येत नाहीत, म्हणून इथे सुडो लावणे योग्यच आहे. ही खिडकी उघडी ठेवून बोर्ड जोडा. नवे उपकरण सापडल्याची ओळ, त्यातील निर्माता क्रमांक व उत्पादन क्रमांक, आणि नंतर ‘सीडीसी एसीएम’ या ड्रायव्हरने ‘टीटीवायएसीएम०’ हा पोर्ट दिल्याची ओळ, एवढे दिसले तर तार, सॉकेट आणि ड्रायव्हर तिन्ही ठीक आहेत. बीटाफ्लाइटचे एसटीएम३२ चिपचे बहुतेक बोर्ड ०४८३:५७४० अशी ओळख देतात. अर्डुपायलटच्या अनेक बोर्डांचा निर्माता क्रमांक १२०९ असतो, पण काही उत्पादक स्वतःचा वेगळा क्रमांक वापरतात, म्हणून तुमच्या पडद्यावर दिसेल तोच खरा माना.

जोडल्यावर एकही ओळ उमटली नाही, तर केबल किंवा सॉकेट पाहा. ‘डिस्क्रिप्टर (उपकरणाने दिलेले स्वतःचे वर्णन) वाचता आला नाही’ अशा आशयाची ओळ आणि तिच्या शेवटी उणे ७१ किंवा उणे ११० दिसले, तर विद्युत पातळीवरच संभाषण तुटते आहे. उणे ७१ म्हणजे आलेले संकेत नियमात बसत नाहीत आणि उणे ११० म्हणजे वेळेत उत्तरच आले नाही. ड्रोनच्या बोर्डांत याची नेहमीची कारणे म्हणजे कंपनांनी सैल झालेले मायक्रो यूएसबी सॉकेट, लांब किंवा हलकी केबल, आणि वीज कमी पडणे. यूएसबी २.० पोर्टकडून एका उपकरणाने जास्तीत जास्त ५०० मिलिॲम्पिअर घ्यावेत असे मानकात आहे, आणि स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबच्या प्रत्येक पोर्टवर तर १०० मिलिॲम्पिअरच गृहीत धरलेले असतात. फ्लाइट कंट्रोलरला जीपीएस, रिसीव्हर आणि टेलिमेट्री रेडिओ जोडलेले असतील, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. एकेक उपांग काढून पुन्हा जोडून पाहा. या पातळीवरची अडचण कोणत्याही परवानगीने किंवा ड्रायव्हरने सुटत नाही.

तुमच्या बोर्डाचा पोर्ट दिसतो आहे, म्हणून तुम्ही ही पायरी ओलांडली आहे असे मी धरते. मात्र त्याचे दिसणे, नाहीसे होणे आणि पुन्हा येणे याचा विचार इथेच करायला हवा, कारण तुम्ही ज्याला बिघाड म्हणत आहात त्याचा मोठा भाग बिघाड नाही. अर्डुपायलटच्या बोर्डावर वीज आली की प्रथम बूटलोडर चालतो. तो काही सेकंद यूएसबीवर स्वतःची ओळख देऊन नवे फर्मवेअर येते आहे का याची वाट पाहतो, आणि न आल्यास मुख्य फर्मवेअर सुरू करतो. त्या क्षणी यूएसबीची जोडणी तुटते आणि मुख्य फर्मवेअर नव्याने ओळख देते. कर्नलच्या दृष्टीने एक उपकरण गेले आणि दुसरे आले. पहिल्याची पोर्ट फाइल कोणी उघडून ठेवलेली नसेल, तर दुसऱ्यालाही शून्य हाच क्रमांक मिळतो. पण एखाद्या प्रोग्रॅमने ‘टीटीवायएसीएम०’ धरून ठेवली असेल, तर कर्नल तो क्रमांक पुन्हा देऊ शकत नाही आणि नवा पोर्ट ‘टीटीवायएसीएम१’ म्हणून येतो. म्हणजे बदललेला क्रमांक हा स्वतः रोग नाही. बूटलोडरच्या त्या काही सेकंदांत कोणीतरी पोर्ट उघडला होता, याचा तो पुरावा आहे. याशिवाय अर्डुपायलटचे काही बोर्ड मुळातच दोन पोर्ट देतात, त्यांतला एक मॅव्हलिंकचा (ड्रोन आणि संगणक यांच्या संभाषणाच्या प्रोटोकॉलचा) आणि दुसरा कॅन बससाठी (बोर्डाला उपांगे जोडणाऱ्या वाहिनीसाठी) असतो. डीमेसेजमध्ये दोन्ही ओळी एकाच क्षणी आल्या, तर हा दुसरा प्रकार समजावा.

तो ‘कोणीतरी’ कोण, हे सांगण्याआधी परवानगीचा प्रश्न संपवू. ‘एलएस’ला ‘एल’ पर्याय देऊन पोर्टची फाइल पाहिली, की मालक रूट (प्रशासक वापरकर्ता) आणि गट ‘डायलआउट’ असे दिसेल. वाचण्या-लिहिण्याचा हक्क या दोघांनाच असतो. तुमचा वापरकर्ता त्या गटात आहे का ते ‘आयडी’ कमांडने कळते. नसेल तर ‘यूजरमॉड’ कमांडने त्याला गटात घालावे लागते, आणि इथे मी मुद्दाम सावध करते: ‘मोठे जी’ या पर्यायासोबत ‘लहान ए’ हा पर्याय दिलाच पाहिजे. तो विसरला तर वापरकर्ता इतर सर्व पूरक गटांतून बाहेर पडतो, त्यात सुडोचा गटही असतो, आणि मग स्वतःच्याच संगणकावर प्रशासनाचा हक्क उरत नाही. गट बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावे; आधीपासून चालू असलेल्या सत्रांना नवा गट लागू होत नाही. ‘बदल केला पण फरक पडला नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची एवढीच पायरी राहिलेली असते. आर्चवर या गटाचे नाव ‘यूयूसीपी’ असे आहे.

आता तुमच्या निरीक्षणातील ‘सुडो लावले की बहुतेक वेळा’ या शब्दांकडे येते, कारण माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातील सर्वांत मोलाची माहिती तीच आहे. अडचण केवळ परवानगीची असती, तर सुडोने प्रत्येक वेळी जोडणी झाली असती आणि सुडोविना एकदाही झाली नसती. तुमच्याकडे क्यूग्राउंडकंट्रोल सुडोविना कधीकधी जोडले जाते, म्हणजे निदान एका संगणकावर परवानगी आहे आणि तरीही अडते आहे. हा फरक निश्चित करण्यासाठी मॅव्हप्रॉक्सी सुडोविना चालवून त्रुटीचा नेमका क्रमांक वाचा. १३ हा क्रमांक म्हणजे परवानगी नाकारली. १६ हा क्रमांक म्हणजे पोर्ट व्यग्र आहे, दुसऱ्या कोणीतरी घेतला आहे. पडद्यावरचा संदेश अपुरा असला, तरी हा क्रमांक नेमके बोट ठेवतो. सर्व संगणकांवर एकच क्रमांक येईल असेही नाही; काहींवर १३ आणि काहींवर १६ येईल, असा माझा अंदाज आहे.

पोर्ट घेऊन बसणारा बहुतेक वेळा ‘मॉडेममॅनेजर’ असतो. ही सेवा मोबाइल इंटरनेटचे डोंगल ओळखण्यासाठी असते आणि उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत ती सुरुवातीपासून चालू असते. नवा ‘टीटीवायएसीएम’ पोर्ट आला की हा मॉडेम आहे का हे पाहण्यासाठी ती त्यावर एटी कमांड (मॉडेमला देण्याच्या आज्ञा) पाठवून उत्तराची वाट पाहते. फ्लाइट कंट्रोलर मॉडेम वाटण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. यूएसबीवरून सिरियल पोर्ट देण्याची सीडीसी एसीएम ही पद्धत मुळात मॉडेमसाठीच ठरवलेली आहे, आणि अनेक बोर्ड आपल्या वर्णनात ‘एटी कमांड समजतात’ असे सांगणारा प्रोटोकॉल क्रमांक तसाच ठेवतात. मग ही सेवा पोर्ट एकट्यासाठी राखून घेते आणि काही सेकंद, कधी अर्धा मिनिट, सोडत नाही. त्या अवधीत क्यूग्राउंडकंट्रोलने पोर्ट मागितला, तर त्याला व्यग्र असे उत्तर मिळते. नंतर मागितला तर जोडणी होते. म्हणून तुमच्याकडे ‘कधी होते, कधी होत नाही’ असे दिसते. बूटलोडरच्या काळात पोर्ट उघडणाराही हाच असू शकतो, आणि क्रमांक बदलण्याचा उलगडा तिथेच होतो.

सुडोने काम होते त्याचे कारण यापेक्षा गंभीर आहे. पोर्ट एकट्यासाठी राखण्याची ही कर्नलची सोय रूटला अडवत नाही. म्हणजे सुडोने चालवलेले मॅव्हप्रॉक्सी मॉडेममॅनेजरच्या हातातला पोर्टही उघडू शकते, आणि मग दोन प्रोग्रॅम एकाच वेळी त्यावर लिहितात व आलेले बाइट दोघांत विभागले जातात. जोडणी झाल्यासारखी वाटते, पण पॅरामीटरची यादी अर्धवट येते किंवा मधेच थांबते. ज्या सॉफ्टवेअरने आपण मोटारींच्या आणि सेन्सरच्या मूल्यांमध्ये बदल करतो, त्याच्या बाबतीत ही अवस्था मी कधीही चालवून घेणार नाही. क्यूग्राउंडकंट्रोलच्या निर्मात्यांनी रूट म्हणून चालवण्यास त्याला सरळ मज्जाव केला आहे, ते मला पूर्णपणे पटते. सुडो हे इथे निदानाचे साधन म्हणून एकदा वापरावे, उपाय म्हणून नव्हे. ते नेहमी वापरत राहिल्यास सेटिंगच्या काही फाइली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात आणि पुढे साध्या वापरकर्त्याला त्या जतन करता येत नाहीत, ही आणखी एक अडचण मागे लागते.

निदान पक्के करण्यासाठी बोर्ड जोडल्याबरोबर ‘एलएसओएफ’ किंवा ‘एफयूजर’ कमांडला पोर्टचे नाव देऊन सुडोने चालवा. पोर्ट धरणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव कळेल. मॉडेममॅनेजर निघाला, तर ‘सिस्टिमसीटीएल’ने ती सेवा तात्पुरती थांबवून पाच-सहा वेळा बोर्ड जोडून पाहा. अडचण गेली तर उपाय दोन आहेत. त्या संगणकावर मोबाइल डोंगल कधीच वापरले जात नसेल, तर सेवा कायमची बंद करावी. पण मैदानावर नेण्याच्या लॅपटॉपला डोंगलनेच इंटरनेट मिळत असेल, तर सेवा चालू ठेवून फक्त तुमच्या बोर्डापुरते तिला दूर ठेवणारा यूडेव्हचा (जोडलेल्या उपकरणांची व्यवस्था पाहणाऱ्या लिनक्सच्या घटकाचा) नियम लिहावा. त्या नियमात निर्माता व उत्पादन क्रमांक जुळवून ‘आयडी एमएम डिव्हाइस इग्नोअर’ या चलाला १ हे मूल्य द्यायचे असते. नावातील शब्द अधोरेखांनी जोडलेले आणि सर्व अक्षरे मोठी. बूटलोडरची ओळख मुख्य फर्मवेअरपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून डीमेसेजमध्ये दोन्ही पाहून गरज असल्यास दोन ओळी लिहा. १२०९ हा निर्माता क्रमांक अनेक मुक्त प्रकल्प मिळून वापरतात, त्यामुळे केवळ त्यावर नियम बेतू नये. उत्पादन क्रमांकही जुळवावा.

फर्मवेअर चढवण्याची अडचण यापेक्षा निराळी आहे, आणि डायलआउट गटाने ती का सुटत नाही हे समजून घेणे आवश्यक आहे. बूटचे बटण दाबून बोर्ड डीएफयू अवस्थेत नेला की तो सिरियल पोर्ट राहतच नाही. ०४८३:५७४० हे उपकरण जाते आणि ०४८३:डीएफ११ हे येते. एटी३२ चिपच्या बोर्डांवर ते २ई३सी:डीएफ११ असते. त्याला कोणताही टीटीवाय पोर्ट मिळत नाही. सॉफ्टवेअर थेट यूएसबीच्या मूळ फाइलशी बोलते, आणि ती ‘डेव्ह’ निर्देशिकेतील ‘बस’ व ‘यूएसबी’ या उपनिर्देशिकांत असते. तिचा मालक आणि गट दोन्ही रूट असतात, इतरांना फक्त वाचता येते. म्हणून एलएसयूएसबीच्या यादीत बोर्ड ठळकपणे दिसतो, पण हाताळायला गेले की नकार मिळतो. ‘डीएफयू-यूटिल’ला ‘एल’ पर्याय देऊन पाहा. उपकरण उघडता आले नाही असे उत्तर आले, तर हेच कारण आहे. विंडोजवर याच ठिकाणी ड्रायव्हर बदलावा लागतो. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, फक्त हक्क लागतो.

हा हक्क यूडेव्हच्या नियमाने द्यावा. ‘ईटीसी’मधील यूडेव्हच्या नियमांच्या निर्देशिकेत एक फाइल तयार करा. तिच्या एका ओळीत उपप्रणाली यूएसबी असणे, निर्माता क्रमांक ०४८३ असणे आणि उत्पादन क्रमांक डीएफ११ असणे या तीन अटी लिहून शेवटी ‘यूअॅक्सेस’ हा टॅग जोडा. या टॅगमुळे संगणकासमोर प्रत्यक्ष बसून लॉगइन केलेल्या वापरकर्त्याला त्या उपकरणाचा हक्क मिळतो आणि तो उठून गेल्यावर काढूनही घेतला जातो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, जिथे एका यंत्रावर अनेक विद्यार्थी येतात आणि कोणाकडेही प्रशासनाचा हक्क नसतो, तिथे प्रत्येकाला गटात घालत बसण्यापेक्षा प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकांकडून अशी एक फाइल घालून घेणे मला सर्वांत स्वच्छ वाटते. सिरियल पोर्टसाठीही उपप्रणाली टीटीवाय धरून अशीच ओळ लिहिता येते. मात्र एसएसएचने दुरून लॉगइन करणाऱ्याला हा टॅग लागू होत नाही. त्याच्यासाठी गटच हवा.

नियम लिहिताना बारीक गोष्टींवर सगळे अवलंबून असते. अट तपासायला बरोबरची दोन चिन्हे, मूल्य द्यायला एक, आणि टॅग जोडायला अधिक व बरोबर एकत्र. अटीत एकच चिन्ह टाकले, तर नियम चुकीचा ठरतो आणि चालत नाही. क्रमांकातील इंग्रजी अक्षरे लहान लिपीतच लिहावीत, कारण कर्नल ती तशीच देते. फाइलचे नाव ७३ पेक्षा कमी आकड्याने सुरू झाले पाहिजे, उदाहरणार्थ ७०. टॅगनुसार प्रत्यक्ष हक्क देण्याचे काम ७३ क्रमांकाच्या फाइलमध्ये होते, आणि त्यानंतर वाचलेला टॅग निरुपयोगी ठरतो. ९९ ने सुरू होणारी फाइल तयार करून हाच टॅग लिहिणारे पुष्कळ जण इथे अडकतात. फाइल जतन केल्यावर ‘यूडेव्हएडीएम’ कमांडने नियम पुन्हा वाचायला सांगा, आणि बोर्ड काढून पुन्हा जोडा.

एवढे करूनही ब्राउझरमधील कॉन्फिगरेटरला बोर्ड सापडला नाही, तर ब्राउझर कोणत्या मार्गाने इन्स्टॉल केला आहे ते पाहा. संकेतस्थळाला सिरियल पोर्ट वापरू देण्याची सोय क्रोममध्ये २०२१ साली, ८९ व्या आवृत्तीत आली, आणि यूएसबी उपकरणांची सोय त्याआधीची आहे. परंतु उबुंटूत क्रोमियम हा स्नॅप, म्हणजे कुंपणात बंदिस्त पॅकेजच्या, स्वरूपात येतो आणि स्नॅप आपल्या कुंपणाबाहेरील उपकरणांना हात लावू शकत नाही. तुमचा हक्क योग्य असला तरी ते कुंपण स्वतंत्रपणे आडवे येते. ‘रॉ-यूएसबी’ नावाची जोडणी ‘स्नॅप कनेक्ट’ने हाताने चालू करावी लागते. फ्लॅटपॅक या तशाच दुसऱ्या पॅकेज पद्धतीतून घेतलेल्या ब्राउझरला अशीच सर्व उपकरणांची परवानगी द्यावी लागते. तुमचे डीएफयू-यूटिल आता बोर्ड उघडत असेल आणि ब्राउझर उघडत नसेल, तर शंका उरत नाही. अशा वेळी कुंपणाशी झगडण्यापेक्षा डेब पॅकेजचा क्रोम वापरणे सोपे जाते. ब्राउझर सुडोने चालवण्याचा प्रयत्न करू नका. संरक्षण बंद केल्याशिवाय तो रूट म्हणून सुरूच होत नाही, आणि ते संरक्षण बंद करू नये.

राहिला सीएच३४० अडॅप्टर. उबुंटू २२.०४ वर याचे एक ठरावीक कारण आहे. ‘बीआरएलटीटीवाय’ ही दृष्टिहीन वापरकर्त्यांचे ब्रेल यंत्र चालवणारी सेवा आहे. काही ब्रेल यंत्रांत १ए८६:७५२३ हीच ओळख देणारी सीएच३४० चिप असते, म्हणून तिच्या नियमांत तो क्रमांक घातलेला होता. परिणामी तुमचा अडॅप्टर जोडल्यावर पोर्ट क्षणभर तयार होतो आणि ही सेवा ड्रायव्हरला बाजूला सारून उपकरण स्वतःकडे घेते. डीमेसेजमध्ये त्या सेवेचे नाव आणि लगेच ‘टीटीवाययूएसबी०’ तुटल्याची ओळ दिसेल. बहुतेक ठिकाणी हे पॅकेज काढून टाका असा सल्ला मिळतो. स्वतःच्या लॅपटॉपवर तो ठीक आहे. प्रयोगशाळेच्या सामायिक संगणकावर मात्र मी तसे करू देणार नाही, कारण उद्या तिथे बसणाऱ्या एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला पडद्यावरचे वाचण्याचे तेच साधन असेल. त्या सेवेच्या नियमांची फाइल त्याच नावाने ‘ईटीसी’मधील निर्देशिकेत नकलून घ्या आणि त्या नकलेत फक्त या क्रमांकाची ओळ निष्प्रभ करा. ‘ईटीसी’मधील त्याच नावाच्या फाइलला प्राधान्य मिळते आणि पॅकेज अद्ययावत झाले तरी तुमचा बदल टिकतो.

अडॅप्टर चालू झाल्यावर पोर्टच्या क्रमांकावर विसंबू नका. ‘डेव्ह’मधील ‘सिरियल’ निर्देशिकेत ‘बाय-आयडी’ खाली प्रत्येक पोर्टचे स्थिर नाव असते, तेच स्क्रिप्टमध्ये वापरावे. सीएच३४०च्या स्वस्त अडॅप्टरांना स्वतंत्र अनुक्रमांक नसतो, त्यामुळे दोन सारखे अडॅप्टर जोडले की ते नाव एकच होते; तेव्हा शेजारचे ‘बाय-पाथ’ वापरा आणि कोणता अडॅप्टर कोणत्या सॉकेटमध्ये ते ठरवून घ्या. भोसरीच्या कारखान्यांमध्ये आरएस-४८५ या औद्योगिक सिरियल जोडणीवरून मीटर आणि ड्राइव्ह जोडताना मला हीच पद्धत उपयोगी पडते.

तर तुमच्या बाबतीत मी असे करीन. सर्वांत आधी एका लॅपटॉपवर, चांगल्या केबलने, हबविना, डीमेसेज उघडे ठेवून मोठा बोर्ड जोडेन आणि दोन्ही ओळखी लिहून घेईन. मग गट तपासेन, मॉडेममॅनेजर थांबवेन, आणि सुडोविना क्यूग्राउंडकंट्रोल सलग जोडले जाते का ते पाहीन. ते स्थिर झाल्यावरच डीएफयूचा नियम लिहून डीएफयू-यूटिलने पडताळेन, ब्राउझरला त्यानंतर हात लावेन, आणि बीआरएलटीटीवायचा प्रश्न शेवटी घेईन. एका वेळी एकच बदल. सर्व नियम एका फाइलमध्ये आले की तीच फाइल बाकीच्या संगणकांवर नकलायची, म्हणजे प्रत्येक ठिकाणी नव्याने शोध लागत नाही.

यानंतरही एखाद्या संगणकावर अडले, तर मला तीन गोष्टी कळवा: बोर्ड जोडल्यापासून अर्ध्या मिनिटाची डीमेसेजची पूर्ण नोंद, त्याच पोर्टच्या फाइलचा मालक, गट आणि ‘आयडी’ कमांडचे उत्तर, आणि सुडोविना मिळालेला त्रुटीचा क्रमांक. पडद्याच्या छायाचित्राऐवजी मजकूर पाठवा, आणि तिन्ही नोंदी एकाच जोडणीच्या असू द्या. केबल काढून पुन्हा लावली की पोर्टचा क्रमांक बदलू शकतो आणि मग एका नोंदीची दुसरीशी सांगड घालता येत नाही.